यमुनामावशीच्या गाडीचं डावं दार

कोणी गाडीचं दार धाडकन आपटलं की माझ्या डोक्यात अजूनही तिडीक जाते. कोपरीत आमच्या बिल्डिंगखाली रोज संध्याकाळी भाड्याच्या गाड्या थांबतात, माणसं उतरतात आणि मागे वळून न बघता दार ढकलून देतात. मी गॅलरीतून ओरडतो. बायको म्हणते, "अहो, गॅरेज बंद केलंत ना? मग लोकांच्या गाड्यांची काळजी तुम्हाला कशाला?" काळजी नाही, राग आहे. दार बसवायला काय लागतं हे ज्याला ठाऊक नाही त्याने ते आपटू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

मी डेंटर. कळव्याला खाडीच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये माझं गॅरेज होतं. लोकांना वाटतं, डेंटर म्हणजे हातोडी घेऊन ठोकाठोकी करणारा माणूस. नौपाड्यातले एक वकीलसाहेब तर गाडी घेऊन आले की मुलाला सांगायचे, "हे बघ, हे आपले ठोकणारे काका." माणूस चांगला होता, चहा पाजायचा. पण मला दर वेळी वाटायचं, तुमचं काम म्हणजे नुसतं ओरडणं आहे असं मी कधी म्हटलंय का? ठोकणं हे आमच्या कामातलं सगळ्यात थोडं काम. बाकीचं काम फटीचं असतं.

तुमच्या गाडीकडे एकदा नीट बघा. दार आणि मडगार्ड, मडगार्ड आणि बॉनेट यांच्यामध्ये एक बारीक फट असते. आम्ही तिला गॅप म्हणतो. ती वरपासून खालपर्यंत सारखी हवी आणि दोन्ही बाजूंचे पत्रे एका पातळीत हवेत. डोळे मिटून हात फिरवला तर बोट कुठे अडखळता कामा नये. गॅप सारखी असली की रंग जुना असूनही गाडी तरतरीत दिसते. गॅप वाकडी असली की वरून कितीही भारी रंग मारा, गाडी कुठेतरी आदळून आल्यासारखी दिसते. बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी खटकत राहतं.

जुन्या गाडीची गॅप जमवताना सुरुवात केबिनपासून करायची. केबिन चॅसिसवर रबराच्या ठोकळ्यांवर बसलेली असते. वर्षानुवर्षांच्या वजनाने ते रबर दबतं, केबिनचा एखादा कोपरा खाली जातो आणि दारं तिरकी होतात. मग रबर बदलायचं, कमी पडेल तिथे पत्र्याच्या चकत्यांचं पॅकिंग द्यायचं. केबिन सरळ झाली की दार. बिजागरीचे बोल्ट अर्धवट आवळून ते केसभर वर, केसभर पुढे सरकवत बसायचं. दार जमलं की त्याला धरून मडगार्ड, आणि मडगार्डला धरून सगळ्यात शेवटी बॉनेट. गिऱ्हाईक मात्र आल्या आल्या बॉनेटकडे बोट दाखवतं, कारण समोरून तेच दिसतं. आणि हे सगळं गाडीवर वजन टाकून करायचं. रिकाम्या गाडीवर जमवलेली गॅप माणसं बसली की बिघडते.

ज्यांना एवढ्या कामाचा कंटाळा येतो ते पुट्टी भरतात. फट मोठी दिसली की पत्र्याच्या कडेला पुट्टीचा थर द्यायचा, घासायचा, वर रंग मारायचा. पहिल्या मोठ्या खड्ड्यापर्यंत गाडी सुंदर दिसते. पुट्टीवाल्यांशी मी जितका भांडलो तितका घरातही भांडलो नाही, आणि घरात मी कमी भांडतो असं कोणी म्हणणार नाही.

पण ज्या कामाचा राग अजून गेलेला नाही, त्यात पुट्टीवाल्यांचा काही संबंध नव्हता. गॅरेज बंद करायच्या आधीचं ते माझं शेवटचं मोठं काम.

एक दिवस दुसऱ्या टेम्पोला बांधून ओढत एक जुनी पिकअप शेडपाशी आली. मागून रिक्षाने यमुनामावशी आणि तिचा मुलगा किशोर. यमुनामावशी ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. मार्केटात तिची मासळीची जागा, आवाज असा की शेजारच्या भाजीवाल्यांनाही भाव ऐकू जावा. नवरा असताना दोघं पहाटे धक्क्यावरून मासळी आणायची, तो गाडी चालवायचा आणि ही डाव्या बाजूला बसायची. तो गेला आणि गाडी अंगणात उभी राहिली. किशोर नोकरी करतो, डोंबिवलीला ब्लॉक घेऊन राहतो.

"काका, रिस्टोर करायचीय," किशोर म्हणाला. "एकदम पहिल्यासारखी. गॅप-बिप सगळी परफेक्ट पाहिजे."

मी बॉनेट उचललं. आत मोकळी जागा. "इंजिन कुठाय?"

"डोंबिवलीला एका मेकॅनिककडे दिलंय. खोललंय त्याने."

जुन्या गाडीचं असं होतं. इंजिन एकीकडे, पत्रा दुसरीकडे. मी पुढे विचारलं नाही.

डाव्या दाराला मुठीच्या जागी नायलॉनची दोरी बांधलेली होती, जाळ्याची. बर्फाच्या खारट पाण्याने दाराचा खालचा भाग खाऊन टाकला होता, केबिनचा तो कोपरा बसला होता आणि दार लागतच नव्हतं. मावशी धक्क्यापासून मार्केटपर्यंत ती दोरी हातात घट्ट धरून बसायची. एक-दोन दिवस नाही, गाडी चालत होती तितकी वर्षं. तिने मला तळहात दाखवला. दोरीचा वळ हाताच्या रेषांमध्ये मुरून गेला होता.

मग तिने खरं काम सांगितलं. नारळी पौर्णिमेला त्यांच्या कोळीवाड्याचा नारळ सोनेरी कागदात सजवून मिरवणुकीने खाडीवर जातो. तो मांडीवर घेऊन बसायचा मान यांच्या घराचा, आणि तो जायचा याच पिकअपमधून. गाडी बंद पडल्यापासून नारळ भाड्याच्या टेम्पोतून जात होता. टेम्पोवर कोणातरी पुढाऱ्याचा बॅनर असायचा आणि बॅनरवरचे चेहरे नारळापेक्षा मोठे.

"मेस्त्री," ती म्हणाली, "एका हातान दोरी आन एका हातान नारल, असा इतकी वरसां नेला. औंदा मना दोनी हातान धरायचाय. दरवाजा असा लाव, का मना त्याला शिवायलाच लागू नये."

आयुष्यभर कामं अंगावर घेत आलेला माणूस मी, पण इतकी स्वच्छ मागणी मला कोणी केली नव्हती. लोक म्हणतात चकाचक करा, झकास करा. हिला दार हवं होतं, आणि ते कशासाठी हवं होतं हेही तिला माहीत होतं. मी कामाला लागलो.

कुजलेला पत्रा कापला, नवा जोडला, दोरी सोडून नवी मूठ बसवली. केबिनचं रबर बदललं, डाव्या कोपऱ्याला पॅकिंग दिलं. पण पुढची गॅप जमेना. इंजिन नसलं की गाडीचं नाक वर उचललं जातं, मडगार्ड आणि दारातलं अंतर बदलतं. मी किशोरला फोन केला. "अरे, इंजिन कधी येणार? त्याच्या वजनाशिवाय पुढचं काम पक्कं करता येत नाही."

"होतंय काका. तोपर्यंत तुम्ही काहीतरी ठेवा ना त्याच्या जागी."

मी वाळूची पोती ठेवली. इंजिनाच्या वजनाचा अंदाज घेऊन, पुढच्या बाजूला थोडी जास्त. मागे हौद्यात बर्फाच्या ऐवजी भिजवलेली गोणपाटं रचली. राहिलं डाव्या बाजूचं माणूस. मावशी मार्केट आवरून दुपारी काम बघायला यायचीच. मी म्हटलं, "मावशी, आत बसा."

"कशाला?"

"वजन पाहिजे."

"वजन पायजे त किशोरच्या बायकोला बोलव. मी सुकले आता बोंबलासारकी."

पण बसली. मग रोजच बसायला लागली. ती आत बसणार, मी बाहेरून बिजागरीचा बोल्ट सैल करणार, दार केसभर उचलणार, पुन्हा आवळणार, लावून बघणार. ती आतून सांगायची, "वरती लागतंय," "आता खालती लागतंय," आणि मधल्या वेळात मार्केटातल्या भांडणांची सगळी हकिगत. तिच्या अंगाच्या वजनाने केबिन किती दबते, ती पुढे सरकून बसली की किती, मागे टेकली की किती, हे मला पाठ झालं. माझ्या आयुष्यात इतक्या बारकाईने मी दुसरं दार बसवलेलं नाही.

एका दुपारी ते बसलं. तिने एका बोटाने ओढलं आणि टक असा आवाज झाला. पुन्हा उघडलं, पुन्हा एका बोटाने ओढलं. टक. मग दोन्ही हात मांडीवर नारळ धरल्यासारखे गोल करून बसली आणि तशीच हसत राहिली. किशोर त्या दिवशी आला होता, त्याने मोबाईलवर आईचा व्हिडिओ काढला. मला वाटलं, पोराला आईचं कौतुक आहे.

सगळं कोरं जोडून झाल्यावर सुटं करून रंगवायचं आणि पुन्हा जोडायचं, अशी आमची पद्धत. पण किशोर म्हणाला, रंग घोडबंदर रोडला एकाकडे ठरलाय, इंजिनही तिथेच बसेल. मी भांडलो. रंगानंतर इंजिन बसवणं म्हणजे नवा कोरा शर्ट घालून गटारात उतरणं. तो हो हो करत राहिला. शेवटी मी प्रत्येक बिजागरीभोवती खुणा करून दिल्या, कुठल्या बाजूला किती पॅकिंग आहे ते तोंडी दोनदा समजावलं, आणि गाडी गेली.

मग श्रावणात, नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली असताना, किशोर आमंत्रण घेऊन घरी आला. घोडबंदर रोडला मासळीचं एक मोठं हॉटेल उघडतंय, तिथे आपली गाडी समोर ठेवलीय, आईचा आणि तुमचा सत्कार आहे.

"गाडी हॉटेलसमोर कशाला?"

"रंगाचं त्यांनीच बघितलंय ना काका. थोडे दिवस शो. मग तिथून सरळ कोळीवाड्यात."

बायकोने इस्त्रीचा शर्ट काढून दिला. मी गेलो.

गाडी दारातच उभी होती. निळी, चकचकीत, खाली हिरव्या प्लास्टिकचं गवत. हौद्यात प्लास्टिकची पापलेटं. वर एक जाळं टाकलेलं, कधी पाण्याला न लागलेलं. बायका-पोरं समोर उभी राहून फोटो काढत होती. मी लांबूनच नेहमीप्रमाणे गॅप बघितली. डाव्या दाराची वरची फट सुरेख होती. खाली मात्र फटीतली काळी सावली मधेमधे तुटलेली दिसली. मी जवळ जाऊन वाकलो. दार खालच्या कडेला तीन-चार ठिकाणी वेल्डिंगचे टाके मारून केबिनला चिकटवलं होतं आणि वरून रंग मारला होता. उजवीकडेही तेच. वाकलोच होतो म्हणून आणखी खाली बघितलं. जिथे इंजिनाचं पोट दिसायला हवं तिथून पलीकडचं हिरवं प्लास्टिक दिसत होतं.

हॉटेलचा मॅनेजर धावत आला. "मेस्त्री ना तुम्ही? वा, क्या काम किया है! गॅप एकदम फॅक्टरीवाली."

"दारं कोणी चिकटवली?"

"आम्हीच. बच्चे लोग येतात, खोल-बंद करतात. कोणाचं बोट सापडलं तर? सेफ्टी."

रंग मारायचा, मग मारा. प्लास्टिकची मासळी मांडायची, मांडा. पण चिकटवायचीच होती तर दारं बसवून कशाला घेतलीत? भोकं बुजवून पत्रा ठोकला असता तरी चाललं असतं. मी त्या फटीसाठी एका म्हाताऱ्या बाईला रोज दुपारी तापलेल्या पत्र्याखाली बसवलं होतं. दार नीट बसवून मागणारा माणूस दार कधी उघडणारच नाही, ही शक्यता माझ्या डोक्यात कशी येणार? कुठल्याही डेंटरच्या डोक्यात येणार नाही.

मी किशोरला बाजूला ओढलं. "विकलीस?"

त्याने मान खाली घातली. "काका, पासिंग झालंच नसतं. इतकी जुनी गाडी रोडवर आणूच देत नाहीत आता. भंगारात गेली असती. इथे निदान लोक बघतात तरी."

"इंजिन?"

"ते मागेच गेलं भंगारात."

म्हणजे मी वाळूची पोती रचत होतो तेव्हा इंजिन या जगातच नव्हतं, आणि हा फोनवर मला 'होतंय काका' म्हणत होता. पासिंगचं त्याचं म्हणणं खरं असेल. मी नाही म्हणत नाही. पण खरं होतं तर ते आईला आधी सांगायला काय झालं होतं? तिचा व्हिडिओ काढताना सांगायचं होतं. तो व्हिडिओ त्याने हॉटेलवाल्याला पाठवला होता आणि आता तो आत भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर लागला होता. एका बोटाने दार ओढणारी आणि हसणारी यमुनामावशी, खाली हॉटेलचं नाव.

"आईला सांगितलंस का?"

"आज सांगणार होतो. सत्कार झाला की."

सत्कार झाला. आम्हा दोघांना शाल आणि श्रीफळ मिळालं, टाळ्या झाल्या. मावशी कोळीवाड्यातल्या चार बायकांना घेऊन आली होती. भरजरी लुगडं, केसांत अबोलीचा गजरा. ती स्टेजवरून उतरली ती सरळ गाडीकडे. बायकांना म्हणाली, "बगा, आता कसा लागतंय तो."

तिने मूठ खेचली. मूठ फिरली, दार हललं नाही. तिने पुन्हा खेचली. मग हातातला नारळ बायकांकडे दिला आणि दोन्ही हातांनी ओढलं. मग ती वळली. किशोरकडे नाही, माझ्याकडे.

"मेस्त्री, दरवाजा बसला नाय रं." आणि बायकांना म्हणाली, "याच्या भरवशावर मी नारल नेनार व्हते."

बायका हसल्या. फोटो काढणारेही हसले. किशोर कोपऱ्यात उभा होता.

मी आयुष्यभर बोलणी खाल्ली आहेत. रंग उतरला, पत्रा वाजतो, वेळेत दिलं नाही. पण जे दार माझ्या हातून सगळ्यात चांगलं बसलं त्यावरून, आणि जिच्यासाठी बसवलं तिच्याकडून, हे ऐकून माझ्या कानशिलात आग पेटली. मांडववाल्याचं सामान भिंतीला लागून पडलं होतं. त्यातून मी हातोडा आणि छिन्नी उचलली. इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर शाल, तसाच गुडघ्यावर बसलो आणि पहिल्या टाक्यावर छिन्नी ठेवली.

मॅनेजर ओरडला, "अरे, पेंट! पेंट जायेगा!"

"जाऊ दे," मी म्हटलं आणि मारलं. टाके असे हलके मारलेले असतात की माहीतगाराला वेळ लागत नाही. निळ्या रंगाच्या खपल्या गवतावर पडल्या. शेवटचा टाका सुटला तसं दार आपलं आपण बोटभर बाहेर आलं, जसं यायला हवं तसं. मी उठलो आणि मावशीला म्हटलं, "बसलंय. यांनी चिकटवलं होतं. बघा आता."

दाराखेरीज त्या वेळी माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

ती आत चढली. पदर सावरला, मागे टेकली, आणि एका बोटाने दार ओढलं. टक. हसणारे थांबले होते. तिने बाईकडून नारळ मागून घेतला, दोन्ही हातांनी मांडीवर धरला आणि समोर काचेतून बघत म्हणाली, "किशोर, काढ गाडी. पुनवेला दोन दिस हायेत. येकदा मार्केटापरयत जाऊन येऊ."

किशोर जागचा हलला नाही.

"काढ ना रं."

"आई," तो म्हणाला, "इंजिन नाय तिच्यात. गाडी यांना दिलीय."

ती नारळ तसाच धरून बसून राहिली. कोणीतरी फोटो काढायला मोबाईल वर केला, त्याला मी हात धरून खाली घ्यायला लावला. मॅनेजर माझ्या कानाशी येऊन सांगत होता की, मेस्त्री, आजच्या आज परत टाके मारून द्या, रंगाचं मी बघतो. मी हातोडा त्याच्या हातात दिला.

मग मावशी उतरली. दार आपटलं नाही. बोटाने ढकललं, लागलं. माझ्यासमोर उभी राहिली.

"मंग मना कशाला बसवलास रं रोज?"

काय सांगायचं होतं मी तिला? वजन पाहिजे होतं, हेच खरं होतं. मी किशोरकडे बघितलं, तो चपलांकडे बघत होता. आणि माझी जीभ, जी गॅलरीतून रोज अनोळखी माणसांवर चालते, ती चालली नाही.

तिने जास्त वेळ थांबून बघितलंही नाही. नारळ काखेला मारला, बायकांना चला म्हणाली, आणि जाताना मॅनेजरकडे वळून दाराकडे बोट दाखवलं.

"आता चिकटव," ती म्हणाली. "आतमदी कोन नाय."